लॅपटॉप स्टँड घेतल्यावर मान सुटली पण मनगट धरलं, आता बेडवरचं टेबल घ्यावं का?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. बाकीच्यांनाही संदर्भ लागावा म्हणून आधी थोडक्यात सांगते. तुम्ही कोल्हापूरला आईवडिलांकडे राहून पर्मनंट वर्क फ्रॉम होम करता, उंची पाच फूट एक इंच, लॅपटॉप पंधरा इंची, डायनिंग टेबलवर दिवसाचे आठ-नऊ तास. मान आखडायची म्हणून चार महिन्यांपूर्वी उंची कमीजास्त करता येणारा मेटलचा स्टँड मागवलात. पहिले दोन आठवडे एकदम मस्त, मग उजवं मनगट आणि खांद्याचा वरचा भाग दुखायला लागला. रात्री अमेरिकेवाल्यांचे कॉल बेडवर बसून घेता, त्यासाठी आता फोल्डिंगचं बेड टेबल घ्यायचा विचार चाललाय. म्हणजे स्टँड चुकीचा निवडला का, बेडवर काम केलेलं चालतं का, चालत असेल तर टेबल कुठलं घ्यावं. आणि शेवटी आई म्हणते की खाली चौरंगावर लॅपटॉप ठेवून मांडी घालून बस, सगळी दुखणी पळतील, ते खरं का.

मी फिजिओथेरपिस्ट आहे, पुण्यात अठरा वर्षं प्रॅक्टिस करतेय. २०२० च्या लॉकडाऊनआधी माझ्याकडे गुडघेवाले आजीआजोबा जास्त असायचे, त्यानंतर लॅपटॉपवाले पंचविशी-तिशीतले इतके यायला लागले की मी क्लिनिकमध्ये एक टेबल-खुर्ची-स्टँड मांडूनच ठेवलंय, पेशंटला आधी तिथे बसवते आणि मग बोलते. फोटोवरून किंवा नुसतं वाचून जेवढं सांगता येतं तेवढं सांगते, बाकी तुमच्या मनगटाला हात लावल्याशिवाय मी काही ठामपणे म्हणणार नाही.

आधी हे डोक्यातून काढा की स्टँड चुकीचा घेतला. स्टँड बरोबर आहे, तुम्ही अर्धाच घेतलाय. उरलेला अर्धा म्हणजे वेगळा कीबोर्ड आणि माउस.

लॅपटॉपची मूळ गोची अशी आहे की स्क्रीन आणि कीबोर्ड बिजागरीने एकमेकांना जोडलेले. डोळ्यांना स्क्रीन वर हवी, हातांना कीबोर्ड खाली हवा, आणि दोघांना एकाच वेळी खूश करणं त्या बिजागरीमुळे जमत नाही. टेबलावर सपाट ठेवला की हात बरे आणि मान खाली, स्टँडवर चढवला की मान बरी आणि हात हवेत. तुम्ही मानेचं दुखणं उचलून मनगटाला आणि खांद्याला दिलंत एवढंच. पहिले दोन आठवडे बरं वाटलं कारण मानेचे दमलेले स्नायू सुटले, खांद्याच्या स्नायूंना दमायला तेवढा वेळ लागला.

आता तुमचंच गणित मांडू, कारण तुम्ही उंची सांगितलीत ते फार बरं केलंत, बहुतेक लोक स्टँडची लिंक देतात पण स्वतःची उंची सांगत नाहीत. आपल्याकडचं डायनिंग टेबल साधारण ३० इंच उंच असतं आणि खुर्चीची बैठक १८ इंच. पाच फूट एक इंचाच्या बाईचं कोपर, हात सैल सोडून बसल्यावर, बैठकीपासून साडेआठ इंचांच्या आसपास येतं. म्हणजे जमिनीपासून साडेसव्वीस. टेबल आधीच तुमच्या कोपरापेक्षा साडेतीन इंच वर! त्यावर स्टँड, तिरका केलेला, म्हणजे कीबोर्ड अजून पाच-सहा इंच वर. तुम्ही रोज आठ तास कोपराच्या नऊ इंच वर टाइप करताय. करून बघा, आत्ताच, दोन्ही हात तेवढे उचला आणि पाच मिनिटं तसेच धरा. खांदे कानांकडे सरकतात की नाही? आणि तिरक्या कीबोर्डवर बोटं पोचवायला मनगट मागे मोडावं लागतं, त्यात बऱ्याच स्टँडला लॅपटॉप घसरू नये म्हणून पुढे जी पट्टी वर आलेली असते ती नेमकी मनगटाच्या आतल्या बाजूला रुतते. मनगट दुखलं नसतं तर मला नवल वाटलं असतं.

एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे सांगायला हवी, कारण जाहिराती बघून लोकांचा असा समज होतो की स्टँड म्हणजे औषध. व्हॉट्सॲपवर फिरणारं ते चित्र तुम्ही पाहिलं असेलच, मान ६० अंश वाकली की मानेवर २७ किलो भार येतो वगैरे. ते आकडे न्यूयॉर्कचे स्पाइन सर्जन केनेथ हंसराज यांच्या २०१४ च्या पेपरमधले आहेत, आणि ते कॉम्प्युटर मॉडेलवर मांडलेलं गणित आहे, जिवंत माणसांच्या मानेत मोजलेलं नाही. तत्त्व खोटं नाही, डोकं साडेचार-पाच किलोचं असतंच, भरलेली कळशी कडेवर घेतली तर चालता येतं आणि तीच हात लांब करून धरली तर दोन मिनिटांत खाली ठेवावी लागते, तसंच मानेचं. पण त्यावरून "मान वाकली की मणका झिजला" असं जे घाबरवतात ते सोडून द्या. मान वाकण्यासाठीच आहे, तासन्‌तास तिथेच अडकून राहण्यासाठी नाही.

तसंच २०१८ मध्ये ऑफिसातल्या लोकांच्या मानेच्या-हाताच्या दुखण्यांवर एक मोठा कॉक्रेन रिव्ह्यू आला, म्हणजे आधीची संशोधनं एकत्र करून केलेला आढावा, कुठल्या एर्गोनॉमिक बदलांनी, म्हणजे कामाची जागा शरीराला जुळवून घेणाऱ्या बदलांनी, ही दुखणी टळतात ते त्यात तपासलं होतं. निकाल एकसारखे नव्हते, त्यातल्या त्यात बरा पुरावा मिळाला तो हाताला आधार आणि वेगळ्या प्रकारचा माउस यांच्या जोडीचा. आता बघा, लोक सगळे पैसे स्क्रीन उचलण्यावर घालवतात आणि हात तसेच लोंबकळत ठेवतात. माझ्या क्लिनिकचा अनुभवही हाच, कोपराला आणि पुढच्या हाताला टेकू मिळाला की मान निम्मी सुटते, कारण हाताचं ओझं शेवटी मानेच्याच स्नायूंवर टांगलेलं असतं.

म्हणून माझा क्रम लोकांच्या उलटा आहे. लोक स्क्रीनपासून सुरू करतात, मी बुडापासून. आधी बैठक, मग कोपर, मग पाय, आणि सगळ्यात शेवटी स्क्रीन. शिवणाची टेप घ्या आणि आईला मदतीला बोलवा, एकटीने मोजताना आपण मोजायला वाकतो आणि माप चुकतं.

तुमच्या बाबतीत टेबल कापता येणार नाही, तेव्हा तुम्हाला वर यावं लागेल. खुर्चीवर तीन इंचांची घट्ट उशी. मऊ उशी नको, ती तासाभरात एक इंच होते. जुनी गोधडी किंवा सतरंजी घट्ट घडी करून ठेवलीत तर उत्तम. आता कोपर जवळजवळ साडेएकोणतीसवर आलं, म्हणजे टेबलाच्या बरोबरीत, पातळ कीबोर्ड धरला तरी फरक इंचभराचा, तेवढा चालतो. पण आता तुमचे पाय लटकायला लागतील, कारण बैठक २१ इंच झाली आणि तुमच्या गुडघ्यामागची उंची चपलेसकट सोळाच्या आसपास असणार. पाय लटकले की मांडीच्या खालच्या बाजूला खुर्चीची कड दाबते, मग माणूस नकळत पुढे सरकतो, पाठ सुटते, आणि सगळं मुसळ केरात. त्यामुळे पायाखाली पाच इंच काहीतरी हवं. देवघरातला एक पाट पुरत नाही, तो दोन-अडीच इंचच असतो, एकावर एक दोन ठेवा किंवा बुटका स्टूल घ्या. माझ्या एका पेशंट ताईंनी जुन्या दिवाळी अंकांचा गठ्ठा बांधून त्यावर कापड शिवलंय, चार वर्षं झाली, अजून चालतोय. (अंक वाचून झालेले होते असं त्या म्हणाल्या.)

आता कीबोर्ड. साधा वायरचा पाचसहाशे रुपयांचा पुरे, त्यात बिघडण्यासारखं काही नसतं. अकाउंट्सचं काम नसेल तर उजवीकडे आकड्यांचा पट्टा नसलेला छोटा कीबोर्ड घ्या. तो पट्टा माउसला चार-पाच इंच लांब ढकलतो, आणि दिवसभर हात बाजूला लांब करून माउस धरला की खांद्याची पुढची बाजू दुखते. तुमचं उजवंच दुखतंय म्हणजे मला माउसचाही संशय आहे, किंवा टचपॅडचा. आणि कीबोर्डच्या मागे जे दोन छोटे पाय उघडतात ना, ते मिटूनच ठेवा. सगळे जण हौसेने उघडतात, त्याने कीबोर्ड तिरका होतो आणि मनगट परत मागे मोडतं. कीबोर्ड टेबलाच्या काठाला चिकटवून ठेवू नका, चार-सहा इंच आत सरकवा म्हणजे पुढचा हात टेबलावर टेकेल. डायनिंग टेबलची कड टोकदार असेल, काचेचं असेल तर जास्तच, तिथे एक नॅपकिन घडी करून टाका.

मग येतो तुमचा स्टँड, आता त्याची खरी कामगिरी. तुमचे डोळे या नव्या बैठकीत टेबलापासून सतरा-अठरा इंच वर असतील. पंधरा इंची लॅपटॉपचं झाकण उभं केलं की नऊ-साडेनऊ इंच भरतं. म्हणजे स्टँड सात-आठ इंच वर नेला की स्क्रीनची वरची कड डोळ्यांच्या रेषेत किंवा बोटभर खाली येते. एवढंच हवं. स्टँडवर लिहिलेलं असतं "पंधरा इंचांपर्यंत उंच होतो" म्हणून कोणी पूर्ण उंच करून ठेवतं, मग हनुवटी वर करून बघावं लागतं आणि हे खाली बघण्यापेक्षाही वाईट. नजर थोडी खाली झुकलेलीच डोळ्यांना सोयीची असते, पापण्या कमी उघड्या राहतात, डोळे कमी कोरडे पडतात.

इथे एक मोठा अपवाद आहे, तुम्हाला लागू नसेल पण वाचणाऱ्यांत चाळिशीवाले असतील म्हणून सांगते. बायफोकल किंवा प्रोग्रेसिव्ह चष्मा असेल तर हा डोळ्यांच्या रेषेचा नियम गुंडाळून ठेवा. त्या चष्म्यात जवळचं बघायची जागा खालच्या भागात असते, स्क्रीन वर नेली की माणूस हनुवटी उचलून चष्म्याच्या खालून डोकावतो. अशा लोकांना मी स्क्रीन चांगली तीन-चार इंच खाली घ्यायला सांगते, नाहीतर डोळ्यांच्या डॉक्टरांकडून स्क्रीनच्या अंतरासाठी वेगळा चष्मा करून घ्यायला. स्टँडमुळे मान जास्तच दुखायला लागली म्हणून आलेल्या पन्नाशीच्या एका सरांचं दुखणं फक्त स्क्रीन खाली आणून आठवड्यात गेलं होतं, मी बाकी काहीच केलं नाही आणि फी घ्यायला मलाच लाज वाटली. घेतली ती वेगळी गोष्ट.

दुसरी गडबड अंतराची. कीबोर्ड पुढे आला की लॅपटॉप मागे जातो, हातभर लांब, ते बरोबरच आहे, पण अक्षरं तेवढीच राहतात आणि मग तुम्ही वाचायला पुढे झुकता. म्हणजे स्टँड, कीबोर्ड, उशी सगळं करून माणूस परत कासवासारखी मान बाहेर काढून बसलेला. सेटिंगमध्ये जाऊन डिस्प्ले १२५ किंवा १५० टक्के करा. ऑफिसमधले हसले तर हसू दे.

स्टँड कुठला, यावर तुम्ही तीन लिंका दिल्यात, त्यांच्यात मी फार जीव घालणार नाही. आधी पुस्तकांचा ढीग लावून आठवडाभर काम करा, कुठल्या उंचीवर बरं वाटतं ते कळलं की तेवढी उंची देणारा कुठलाही मजबूत स्टँड चालतो, तुमच्याकडचा असेल तर तोच ठेवा. फक्त दोन गोष्टी तपासा. एक, तो नुसता तिरका होतो की सपाट राहून वर जातो. नुसता तिरका होणारा असेल तर तुमच्या लॅपटॉपची स्क्रीन किती उघडते ते बघा, स्टँड ३० अंश तिरका झाला तर स्क्रीन नीट समोर यायला तिला १३० अंशांपर्यंत उघडावं लागतं आणि काही लॅपटॉप त्याच्या आसपासच अडकतात. दोन सांध्यांचा, इंग्रजी झेडसारखा दिसणारा, सपाट वर जातो, तो बरा. दुसरं, सांधे घट्ट आहेत का. कीबोर्ड वेगळा असला की स्टँडवर कोणी टाइप करत नाही त्यामुळे डुगडुगण्याचा प्रश्न बराचसा मिटतो, पण सांधे ढिले झाले तर स्टँड हळूहळू खाली बसतो, रोज दोन मिलिमीटर, आणि तुम्हाला कळतही नाही. बॉक्समध्ये ती षटकोनी वाकडी किल्ली आलेली असते ती फेकू नका, महिन्यातून एकदा आवळा. आणि उंची ठरली की सांध्यावर मार्करने खूण करून ठेवा, कारण डायनिंग टेबल आहे, जेवणाच्या वेळी सगळं उचलावं लागणार, परत लावताना अंदाजाने लावलं की झालं.

आता बेड.

बेडवर काम करणं म्हणजे पाप, असं मी म्हणणार नाही. माझ्याच क्षेत्रातले लोक ताठ बसण्याचा इतका आग्रह धरतात की पेशंट खुर्चीत भालदार-चोपदारासारखे बसतात. १९९९ मध्ये जर्मनीत उल्मला विल्के आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका स्वयंसेवकाच्या कमरेच्या मणक्यांमधल्या चकतीत सेन्सर बसवून दाब मोजला, तेव्हा आधाराशिवाय बसण्यापेक्षा खुर्चीत मागे रेलून बसल्यावर तो कमी निघाला. एकाच माणसावरचा प्रयोग आहे, त्यावर मोठे इमले बांधू नयेत, पण मागे रेलणं वाईट नाही एवढं नक्की. बेडवर भानगड वेगळीच होते. माणूस रेलतो पण पाठ भिंतीला टेकत नाही, फक्त खांदे टेकतात, कंबर हवेत राहते, त्यात पाय सरळ पसरलेले. पाय सरळ केले की मांडीच्या मागचे स्नायू बैठकीच्या हाडांना खाली ओढतात आणि कंबर गोल होते, ज्यांचे हे स्नायू आखडलेले आहेत, म्हणजे दिवसभर खुर्चीत बसणारे जवळजवळ सगळेच, त्यांना पाय पसरून कंबर सरळ ठेवणं शक्यच नसतं.

त्यामुळे रात्रीच्या कॉलसाठी बसायचंच असेल तर बूड पार मागे भिंतीपर्यंत न्या, कमरेच्या खोबणीत लोड किंवा गुंडाळलेला टॉवेल, गुडघ्यांखाली जाड उशी म्हणजे पाय वाकलेले राहतील, आणि दोन्ही कोपरांखाली एकेक उशी. चार उश्या लागतात, हो. घरात ओरडा बसेल. कॉल म्हणजे मुख्यतः ऐकायचं-बोलायचं असेल, अधूनमधून दोन ओळी टाइप करायच्या, तर लॅपटॉपचा स्वतःचा कीबोर्ड चालतो, तिथे कशाला वेगळं लटांबर. पण कॉल झाला की "आता हे एवढं कोड संपवून टाकते" म्हणून तिथेच दोन तास बसायचं नाही, टाइप करायचं तर उठून टेबलाकडे. माझा पेशंटना सांगायचा आकडा अर्ध्या-पाऊण तासाचा आहे, तो कुठल्या संशोधनातून आलेला नाही, गादीवर तेवढ्या वेळात उश्या सरकलेल्या असतात एवढंच त्याचं कारण.

पोटावर झोपून कोपरांवर रेलून काम करत असाल तर ते मात्र बंद. मान मागे मोडलेली, कोपराच्या आतल्या बाजूची नस दाबलेली, करंगळीला मुंग्या येईपर्यंत लोक तसेच पडून असतात.

बेड टेबलचे बाजारात साधारण तीन प्रकार दिसतात. पहिला लाकडी फळीचा, खाली घडीचे पाय, एका बाजूला कप ठेवायला भोक आणि मोबाइलला खाच. हा स्वस्त आणि सगळ्यात जास्त खपणारा. उंची ठरलेली असते, दहा-अकरा इंच, त्यामुळे मांड्या जाड असतील किंवा खाली उशी असेल तर पाय अडकतात. मांडी घालून बसलात तर गुडघे त्याच्या पायांवर आपटतात. आणि ते कपाचं भोक म्हणजे संकटाला पाट मांडून बोलावणं, गादीवर टेबल हलतंच आणि चहा लॅपटॉपमध्ये जातोच, दोन लॅपटॉपांच्या मयताला मी साक्षीदार आहे, त्यातला एक माझा. दुसरा ॲल्युमिनियमच्या नळ्यांचा, प्रत्येक पायाला दोन-तीन सांधे आणि बटणं, कुठल्याही कोनात वाकतो. या दोघांतला घ्यायचा तर हा घ्या, पण दोन्ही बाजू सारख्या लावायला पहिले चार दिवस डोकं फिरतं, आणि कापसाच्या गादीत पाय कमीजास्त रुततात. त्याला खाली पंखे लावलेले असतात ते माझ्या मते शोभेचे. लॅपटॉपला खालून हवा मिळायला कडक सपाट पृष्ठभाग पुरतो, त्याचं खरं वैर गादीशी आणि रजईशी आहे, खालची जाळी बंद झाली की आत भट्टी होते.

तिसरा प्रकार मला सगळ्यात आवडतो, हॉस्पिटलमध्ये पेशंटला जेवायला देतात तो, एका बाजूला खांब, खाली चाकं, फळी बेडवरून आडवी येते. आमच्याकडे त्याला कार्डियाक टेबल म्हणतात. गादीवर टेकत नाही त्यामुळे हलत नाही, उंची पाहिजे तशी होते, बाजूला ढकललं की मोकळं, आणि फळी मोठी असेल तर त्यावर स्टँड आणि कीबोर्डसुद्धा मावतो. पण घ्यायच्या आधी बेडखाली वाकून बघा! त्याचा पाया बेडखाली सरकावा लागतो, आणि आपल्याकडे निम्म्या घरांत खाली सामान भरायचे बॉक्स बेड आणि दिवाण, जमिनीपर्यंत बंद. लोक मागवतात आणि मग ते टेबल गॅलरीत कुंड्या ठेवायला जातं.

मांडीवर थेट लॅपटॉप ठेवू नका हे वेगळं सांगायला नको, तरी सांगते, कारण तुम्ही लिहिलंय की कधीकधी थंडीत बरं वाटतं. रोज तासन्‌तास तसं केलं तर मांडीवर जाळीदार तपकिरी डाग पडू शकतात. स्विस डॉक्टरांनी २०१० मध्ये मांडीवर लॅपटॉप ठेवून गेम खेळणाऱ्या बारा वर्षांच्या मुलाची अशी केस छापली होती. काश्मिरात फिरनखाली, म्हणजे लांब झग्याखाली, कांगडी म्हणजे निखाऱ्यांची छोटी शेगडी घेऊन बसणाऱ्यांच्या कातडीवर असेच डाग पडतात, तिथल्या डॉक्टरांना ते पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहेत.

तर इथपर्यंतचं: तुमच्यासाठी पहिला खर्च कीबोर्ड-माउसचा, दुसरा काहीच नाही, उशी आणि पाट घरात आहेत. बेड टेबल महिनाभर थांबवा. दिवसा टेबलावर नीट बसायला लागलात की रात्री बेडवर अर्धा-पाऊण तास बसणं कदाचित दुखणारही नाही, मग कशाला नवीन वस्तू.

यातलं बरंच काही परिस्थितीवर अवलंबून आहे. गरोदरपणात डॉक्टरांनी झोपून राहायला सांगितलं असेल, ऑपरेशन झालं असेल, कमरेतून पायात कळ जात असेल, तर वर लिहिलेलं बेडचं गणित तुमच्या डॉक्टरांना विचारूनच. आणि तुमच्या मनगटाबद्दल: नुसतं दुखणं, जे सुट्टीच्या दिवशी कमी होतं, ते या बदलांनी तीन-चार आठवड्यांत उतरायला हवं. पण अंगठा, त्याच्या शेजारचं आणि मधलं बोट रात्री बधिर होऊन जाग येत असेल, हात झटकल्यावर बरं वाटत असेल, किंवा हातातून कप-चमचा सुटत असेल, तर कीबोर्ड बदलत बसू नका, दाखवा. मानेतून हातात कळ जाणं, हातातली ताकद कमी वाटणं, चालताना तोल जाणं, यातलं काही असेल तर त्याच आठवड्यात ऑर्थोपेडिककडे, स्टँडचा विषय नंतर.

व्यायाम मी इथे मुद्दाम लिहीत नाहीये, तपासल्याशिवाय लिहिलेले व्यायाम लोक सगळेच्या सगळे पहिल्याच दिवशी करतात आणि दुसऱ्या दिवशी मला शिव्या घालतात. एकच सवय सांगते. टेबलावर पाण्याची दोन लिटरची बाटली ठेवू नका, फुलपात्र ठेवा. ते संपलं की उठून भरायला जावं लागतं, दर अर्ध्या तासाला आपोआप दहा-बारा पावलं होतात, मोबाइलचे रिमाइंडर आपण बंद करतो पण तहान बंद करता येत नाही.

आता आई. आईचं म्हणणं मी हसण्यावारी नेणार नाही, कारण गणित करून बघितलं तर ते बरंचसं जुळतंय. जमिनीवर मांडी घातली की तुमचं कोपर साडेआठ इंचांवर. खाली तीन इंचांची घडी घेतली, जी घ्यायलाच हवी, त्याने कंबर गोल होत नाही आणि गुडघे बुडापेक्षा खाली राहतात, की ते साडेअकरा. घरातला चौरंग दहा-अकरा इंचांचा असेल तर कीबोर्ड बरोबर कोपरापाशी येतो, म्हणजे डायनिंग टेबलापेक्षा चौरंग तुमच्या मापाला जवळचा आहे! जुन्या पेढ्यांवर मुनीमजी गादीवर बसून बुटक्या उतरत्या डेस्कवर दिवसभर चोपड्या लिहायचे, त्यांनाही कोणी एर्गोनॉमिक्स शिकवलं नव्हतं. फक्त चौरंगावर नुसता लॅपटॉप ठेवला तर मान पुन्हा खाली, तेव्हा तिथेही स्टँड आणि कीबोर्ड लागणारच, आणि देवघरातला छोटा चौरंग असेल तर दोन्ही मावणार नाहीत, दोन फूट रुंदीचा बघा. गुडघे कुरकुरत नसतील तर दिवसातला एक तास असा बसा, पाय बधिर व्हायला लागले की उठा. आणि आईंना विचारा चौरंग नक्की किती इंचांचा आहे, मापं इथे टाका, बाजूने काढलेला बसलेला एक फोटोही, चेहरा कापून टाकलात तरी चालेल, मला कान, खांदा आणि कोपर दिसलं की पुरे.